दुकान वाढविण्याबाबत

गल्लीतलं एखादं दुकान गेलं की मसुदेकाकांना तीन दिवस अन्न गोड लागत नसे. आता मसुदे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीत काढली, त्यातली वीस साहेबांच्या सह्यांसाठी मसुदे लिहिण्यात. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेना. मग बिल्डिंगमध्ये कुणाचं पाणी गेलं, कुणाचा मीटर वेड्यासारखा पळायला लागला, की अर्ज काका लिहून देत. त्यातून हे नाव पडलं. काकांना ते मनापासून आवडायचं. त्यांच्या मसुद्यात एक शब्द इकडचा तिकडे करायची साहेबांचीसुद्धा छाती नव्हती, असं ते स्वतःच सांगत. साहेब वाचतच नसत, ही गोष्ट वेगळी.

तर दुकानं. वह्या-पेनांचं दुकान गेलं आणि तिथे नुसत्या मेणबत्त्यांचं दुकान आलं. वीज जात नाही त्या गल्लीत मेणबत्त्या कोण विकत घेतं, हे काकांना समजेना म्हणून त्यांनी आत जाऊन चौकशी केली, तेव्हा त्या पेटवायच्या नसतात असं त्यांना सांगण्यात आलं. शिंप्याच्या जागी कुत्र्यांचे केस कापून देणारं सलून आलं. वाचनालयाची व्यायामशाळा झाली. तिथल्या काचेमागे माणसं पट्ट्यावर चालत असायची आणि बाहेरून काका फिरायला निघालेले असायचे. रोज नजरानजर व्हायची. चालत सगळेच होते, पुढे फक्त काका जात होते.

या सगळ्यात टिकून राहिले होते ते एकटे रिपेरवाले. दहा बाय बाराचा गाळा, पुढे लाकडी काउंटर, मागे छतापर्यंत इस्त्र्या, मिक्सर, पंखे, रेडिओ आणि ज्यांचं मूळ काय होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही अशी यंत्रं. रिपेरवाले एकतीस वर्षं त्या काउंटरमागे बसले होते. डोळ्याला भिंग, हातात डाग द्यायचा तापलेला कैय्या, बोलणं अगदी बेताचं. तुम्ही मिक्सर ठेवलात की ते आधी कानाजवळ नेऊन हलवायचे आणि मग तुमच्याकडे असं बघायचे, की तुम्हीच त्याचं काहीतरी केलंय.

त्या दिवशी काका टेबलफॅन घेऊन गेले. फॅन डावीकडे मान वळवायचा आणि तिथेच रुसून बसायचा. रिपेरवाल्यांनी मागचं झाकण उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "गिअरचे दात झिजलेत. होईल. पण महिनाअखेरीच्या आत घेऊन जा, काका. एक तारखेला दुकान वाढवतोय."

काकांचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

आता, जुन्या माणसांच्या लक्षात घोटाळा लगेच आला असेल. रिपेरवाले जुन्या वळणाचे. दुकान 'बंद' करतो, हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. संध्याकाळी शटर ओढतानासुद्धा ते "चला, दुकान वाढवू या" असंच म्हणायचे. अभद्र बोलायचं नाही, एवढंच त्यातलं कारण. तेव्हा एक तारखेला दुकान वाढवतोय, याचा अर्थ सरळ होता, की एक तारखेपासून दुकान कायमचं बंद. काकांना हा अर्थ माहीत नव्हता असं मुळीच नाही. त्यांच्या आजोबांचं दुकान होतं. पण चार वर्षं ज्या माणसाने गल्लीतून फक्त जाणारी दुकानं पाहिली, त्याच्या कानावर 'वाढवतोय' हा शब्द पडला आणि त्याला जे ऐकायचं होतं तेच त्याने ऐकलं.

"वा, वा," काका म्हणाले आणि त्यांनी काउंटरवरून हात पुढे करून रिपेरवाल्यांचा हात धरला. "अहो, ही फार आनंदाची बातमी दिलीत."

रिपेरवाले चमकले. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "तुम्हीच पहिले असं बोललात, काका. लोक काय म्हणतील म्हणून मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"लोकांचं काय घेऊन बसलात. हे आधीच करायला हवं होतंत."

"आधीच," रिपेरवाले म्हणाले. त्यांना तेवढं पटलं नसावं.

"आणि जागेचं काय?"

"मालकाशी बोलणं झालंय. त्याची हरकत नाही. सामानाचंच काय करायचं ते बघायला हवं. एवढं सामान."

"सामानाला जागा लागणारच," काका समजूतदारपणे म्हणाले. "तुम्ही काही काळजी करू नका. कागदपत्रांचं माझ्याकडे लागलं."

काकू त्या वेळी आठ दिवसांसाठी बहिणीकडे गेल्या होत्या. नाहीतर ही कथा इथेच संपली असती.

संध्याकाळपर्यंत बातमी बिल्डिंगभर झाली. चेअरमननी पहिला प्रश्न विचारला तो परवानगीचा. चेअरमनना परवानगी या विषयाची फार आवड. स्वतःच्या गॅलरीला त्यांनी न विचारता काचा लावल्यापासून ही आवड वाढली होती. "काका, कागद पक्का करा. उद्या वाढीव बांधकाम म्हणून माणसं येतील आणि हातोडे घालतील." दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर जिन्यातच थांबून सांगू लागले, की भिंत पाडायची असेल तर आधी ती भिंत कशाचं वजन घेते ते बघा, आणि त्यासाठी त्यांनी जिन्याच्या भिंतीवर तीनदा टकटक करून दाखवलं. आतून एका बाईंनी "कोण आहे?" म्हणून दार उघडलं. मग त्यांनाही सगळं सांगावं लागलं. त्यांचा सल्ला असा, की वाढवतायतच तर एक बाकडं टाकायला सांगा, उभं राहून गुडघे दुखतात.

काकांनी रात्रीचं जेवण लवकर आटोपलं आणि मसुदा लिहायला घेतला. पहिला तीन पानी झाला. दुसरा दीड पानी. पण उत्तम मसुदा म्हणजे ज्यात एक शब्द काढता येत नाही, असं ते नव्या कारकुनांना शिकवत आले होते. शेवटी कागदावर राहिलं ते एवढं : 'विषय : दुकान वाढविण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर, की अर्जदार हे येत्या एक तारखेस आपले दुकान वाढवू इच्छितात. तरी त्याची नोंद घेऊन आवश्यक ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.' काकांनी तो मोठ्याने वाचला आणि त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला.

सकाळी रिपेरवाल्यांनी विषय वाचला, आणि मसुदेकाकांच्या कागदात आणखी काय वाचायचं, म्हणून खाली सही केली. "लायसनचं तर माझ्या ध्यानातच नव्हतं," ते म्हणाले. "तुम्ही माझ्यासाठी एवढं करताय, काका." त्यांचे डोळे भरून आले होते. ते पाहून काकांचेही भरून आले. एकाच कागदावर दोन माणसं गहिवरली, आणि एकाचं कारण दुसऱ्याला ठाऊक नव्हतं.

वॉर्ड ऑफिसात खिडकी क्रमांक चारवर गर्दी होती आणि सातवर कुणीच नव्हतं. कारण सातवरचा माणूस चारवर बसला होता. पाऊण तासाने काकांचा नंबर लागला. खिडकीतला तरुण अर्ज वाचून म्हणाला, "वाढवायचंय ना? मग शेजारच्या गाळ्याची ना हरकत लागेल."

"अर्जात त्याचा उल्लेख नाही," काका म्हणाले.

"म्हणूनच सांगतोय."

चौतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला बाहेरून हे ऐकावं लागलं. काकांनी वर्दी दिली, की आपण स्वतः अमुक खात्यात अधीक्षक होतो. तरुणाने आदराने मान हलवली आणि पुन्हा सांगितलं, "ना हरकत. दोन प्रतींत. अर्ज ठेवून जा, मी वर पाठवतो."

शेजारचा गाळा म्हणजे कॉफीचं दुकान. काका त्या दुकानावरून रोज जात असले तरी आत कधी गेले नव्हते. तत्त्वाचा प्रश्न होता. आत दिवे होते पण दिव्यांना झाकणं नव्हती, भिंत होती पण गिलावा खरवडलेला होता आणि खुर्च्या एवढ्या उंच होत्या, की काका एकीवर चढून बसले तेव्हा त्यांचे पाय लोंबकळू लागले. असल्या अवस्थेत सरकारी काम बोलणं कठीण. त्यांनी पाय एकमेकांत अडकवून घेतले. कपाला कान नव्हता. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि चटका बसल्यावर परत ठेवला.

दुकान चालवणारी बाई तिशीतली होती, केस वर बांधलेले, कोपरापर्यंत कॉफीचा भुगा. तिने काकांचं म्हणणं ऐकलं, पण अर्धंच, कारण मध्येच कॉफी दळायच्या मशीनने असा काही सूर लावला, की रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं.

"सॉरी हं काका, हे मशीन तीन महिने असंच करतंय," ती ओरडून म्हणाली. मशीन थांबल्यावर हळू आवाजात म्हणाली, "कंपनीचा माणूस येतो म्हणतो आणि येत नाही. पण काय म्हणालात, ते शेजारचे काका दुकान वाढवतायत?"

"एक तारखेला."

"किती छान. सगळीकडे तर बंदच होतायत." तिने हात झटकले. "काका, माझी ही पलीकडची अर्धी बाजू रिकामी पडलीय. दुपारभर ऊन येतं, कुणी बसत नाही. त्यांना लागत असेल तर घेतील का? ते माझ्याशी कधी बोलत नाहीत. मला वाटतं त्यांना आमचा राग आहे."

ज्या दुकानाला काकांनी दोन वर्षं नावं ठेवली, ते दुकान स्वतःहून अर्धं द्यायला निघालं होतं. त्यांनी ना हरकत घेतली, दोन प्रतींत, आणि कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. कडू होती. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सगळं इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण चेअरमनना वाटलं, गल्लीत चार वर्षांत पहिली चांगली गोष्ट घडतेय तर नागरिकांतर्फे काहीतरी व्हायला हवं. मजकूर अर्थातच काकांचा. शनिवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी, दोन खांबांच्या मध्ये, पंधरा फुटी फ्लेक्स लागला : 'एकतीस वर्षांच्या सेवेनंतर दुकान वाढविल्याबद्दल आमचे लाडके रिपेरवाले यांचे हार्दिक अभिनंदन. समस्त रहिवासी.' खाली चेअरमनचा फोटो होता. रिपेरवाल्यांचा मिळाला नव्हता.

त्याच सकाळी काकू बहिणीकडून परतल्या. रिक्षा फ्लेक्सखाली थांबवून त्यांनी तो वाचला. फाटकापाशी काका हसत उभे होते, पिशवी घ्यायला.

"हे कुणी लिहिलं?" काकूंनी विचारलं.

"तूच ओळख."

"म्हणजे तुम्ही." काकूंनी पिशवी त्यांच्या हातात दिलीच नाही. "अहो, ते बिचारे दुकान बंद करतायत. मागच्या महिन्यात त्यांच्या बायकोने मला सांगितलं, कुणाला बोलू नका म्हणून. लेकीकडे जाऊन राहणार आहेत. आणि तुम्ही गल्लीभर अभिनंदन लावलंत?"

"वाढवतोय म्हणाले ते."

"मग? दुसरं काय म्हणणार? बांगडी फुटली तर मी काय म्हणते, फुटली म्हणते? वाढवली म्हणते ना?"

काका मटकन फाटकाच्या कठड्यावर बसले. हात धरला होता आपण त्यांचा. आनंदाची बातमी म्हणालो. आधीच करायला हवं होतंत, असंही म्हणालो. अर्जाच्या त्या तीन ओळी त्यांना एकेक करून आठवल्या आणि प्रत्येक ओळ आता उलटी वाचता येत होती. वीस वर्षं मसुदे लिहिलेल्या माणसाला एका क्रियापदाने असं चारचौघांत उताणं पाडावं, याला काय म्हणायचं. पण खरं सांगायचं तर त्या घडीला त्यांना स्वतःच्या अब्रूचं फारसं काही वाटलं नाही. एकतीस वर्षं ज्याने सगळ्यांच्या इस्त्र्या चालू ठेवल्या, त्याच्या जाण्याचा आपण पंधरा फुटी आनंद साजरा केला, हे त्यांच्या छातीत जाऊन रुतलं.

"आता बसून काय होणार," काकू म्हणाल्या. "जा त्यांच्याकडे."

रिपेरवाल्यांचं शटर भर सकाळी खाली होतं, फक्त वीतभर उघडं. काका त्या फटीपाशी कसेबसे वाकले. आतून कैय्याचा वास येत होता.

"मी आहे," काका म्हणाले.

"वाचलं," आतून आवाज आला. "सगळ्या रहिवाशांतर्फे."

"माझं चुकलं हो. मला वाटलं तुम्ही दुकान मोठं करताय."

रिपेरवाले आतून म्हणाले, "मोठं? मी? कशासाठी, काका? दिवसभरात एक माणूस येत नाही. नवीन लोकांना माहीतच नाही की इथे काही दुरुस्त होतं. बिघडलं की टाकतात. भाड्याचं मी बघून घेतलं असतं, पण नुसतं बसवत नाही. बोलायला कुणी नाही. परवा मी चालू असलेली इस्त्री उघडली आणि परत लावली, हाताला काम हवं म्हणून. आणि आज सकाळी येतो तर तो फ्लेक्स. मला वाटलं, एवढे कंटाळले होते का सगळे आपल्याला."

काकांना फटीतून त्यांच्या चपला दिसत होत्या. त्यांनी तिथेच, रस्त्यावर बैठक मारली. पँट पांढरी होती, पण आता कशाचं काय. "मी कंटाळलो नव्हतो," ते म्हणाले. "तुम्ही जाणार हे मला ऐकायचंच नव्हतं, म्हणून मी ते ऐकलं नाही. एवढंच झालं."

तेवढ्यात काकांच्या पाठीमागे कुणीतरी खाकरलं. एक गृहस्थ हातात केस वाळवायचं यंत्र घेऊन उभे होते. कुत्र्यांच्या सलूनचे मालक. "तो फ्लेक्स वाचला," ते म्हणाले. "इथे रिपेअर होतं हे माहीत नव्हतं. वाढवतायत ना? उघडणार कधी?" त्यांच्या मागे व्यायामशाळेतली एक बाई हेडफोन घेऊन, तिच्यामागे कुणी टेबललॅम्प, कुणी गरम पाण्याची किटली. मेणबत्तीवाल्याने तर मेण वितळवायचं भांडंच उचलून आणलं होतं. या मंडळींना जुना अर्थ कुणी शिकवलाच नव्हता. दुकान वाढवलं म्हणजे दुकान मोठं झालं, हे वाचून जो तो घरातली बिघडलेली वस्तू शोधून निघाला होता. रांगेत चौदा माणसं होती आणि सगळ्यात पुढे जमिनीवर मसुदेकाका बसले असल्यामुळे त्यांनाही लोक रांगेतलेच समजत होते.

कॉफीवाली रांग मोडून पुढे आली. तिच्या दोन्ही हातांत ते मशीन होतं. ती शटरपाशी वाकली. "काका, बघता का जरा? फार आवाज करतंय."

"माहीत आहे," आतून रिपेरवाले म्हणाले. "तीन महिने भिंतीतून ऐकतोय. मोटरमधले कार्बन झिजलेत त्याचे. दहा मिनिटांचं काम आहे."

"मग सांगायचं ना मला."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मला वाटलं तुम्हाला राग येईल."

"राग येत होता," रिपेरवाले म्हणाले. "मशीनचा. कुणी दुरुस्त का करत नाही म्हणून."

शटर वीतभरावरून हातभर झालं. मग कमरेपर्यंत. मग वर गेलं. रिपेरवाले उन्हात डोळे मिचकावत उभे राहिले. त्यांनी रांगेकडे पाहिलं, रस्त्यावर बसलेल्या काकांकडे पाहिलं आणि भिंग डोळ्याला लावून मशीन हातात घेतलं. कानाजवळ नेलं. हलवलं. मग कॉफीवालीकडे असं पाहिलं, की तिनेच त्याचं काहीतरी केलंय. चौदा माणसांची कामं त्यांनी त्या दिवशी घेतली, आणि ठेवायला जागा पुरेना म्हणून सात वस्तू शेजारी, दुपारी ऊन येतं त्या बाजूला नेऊन ठेवल्या. तिथेच बसून त्यांनी लेकीला फोन केला, की इतक्यात येत नाही, काम पडलंय.

सोमवारी वॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. खिडकीतल्या तरुणाने अर्ज वर पाठवला होता आणि वरचे अधीक्षक जुन्या वळणाचे निघाले. अर्जदार दुकान वाढवीत असल्याने परवाना रद्द करण्यात येत आहे, हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे, असं त्यात होतं. आता सगळं काकांच्या एका कागदावर होतं, आणि तो कागद चुकला तर सुरू झालेलं दुकान खरंच जाणार होतं.

ते मसुदा करायला बसले. 'उपरोक्त संदर्भीय पत्रान्वये...' खोडलं. 'पूर्वीच्या अर्जातील वाढविणे हा शब्द वृद्धी या अर्थी...' खोडलं. 'सदर आस्थापना यथास्थित...' हेही दोन्हीकडून वाचता येईल असं त्यांना वाटू लागलं. आता त्यांना प्रत्येकच शब्दाची भीती वाटत होती. दुपारपर्यंत टोपली भरली.

काकू दारात उभ्या होत्या. "मी सांगते, लिहा."

काकांनी मान वर केली. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाच्या तोंडचं लिहून घेतलं नव्हतं. त्यांनी पेन उचललं.

"दुकान चालू आहे," काकू म्हणाल्या. "चालूच ठेवायचं आहे. परवाना रद्द करू नका."

"एवढंच?"

"मग आणखी काय आहे?"

काकांनी लिहिलं. तसंच, शब्दाला शब्द. मग ते कागद घेऊन रिपेरवाल्यांकडे गेले. काउंटरवर दोन मिक्सर उघडे होते आणि पलीकडे कॉफीवाली कुणाला तरी सांगत होती, की थांबा, रिपेरवाले काका एका कामात आहेत. काकांनी कागद पुढे केला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

रिपेरवाल्यांनी या वेळी पेनाला हात लावला नाही. त्यांनी कैय्या स्टँडवर ठेवला, हात पुसले, भिंग डोळ्याला लावलं आणि अर्ज पहिल्या शब्दापासून वाचायला घेतला, बोट ओळीखाली ठेवून. एकदा वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. मसुदेकाका समोर उभे होते, चुकलेला हिशोब दाखवायला आलेल्या शाळकरी पोरासारखे.

"हे समजलं," रिपेरवाले शेवटी म्हणाले. "द्या पेन."